अकरा मिलिमीटर

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मागच्या वेळी गाडीबद्दल लिहिलं होतं तेव्हा मामीने फोन करून सांगितलं होतं, "अरे, जरा आम्हाला कळेल असं लिहीत जा." म्हणून आज गाडीबद्दलच लिहितोय, पण अंगण, अण्णा आणि गवंडीकामही आहे त्यात. मामी, शेवटपर्यंत वाच. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझ्याकडे अबार्थ पुंटो आहे. २०१६ ची, सेकंडहँड घेतलेली. दिसायला साधी हॅचबॅक, पण आत १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती. ती भारतात विकायला आली ऑक्टोबर २०१५ मध्ये. बोनेटवर विंचू असतो. कार्लो अबार्थ या गृहस्थांनी १९४९ मध्ये इटलीत ही कंपनी काढली, त्यांची रास वृश्चिक, म्हणून विंचू. आमच्या आईला सुरुवातीला हे अजिबात आवडलं नव्हतं. "गाडीवर गणपती लावतात, विंचू कसला लावता?"

गंमत म्हणजे ही इटालियन गाडी जन्मली आमच्या शेजारी. रांजणगाव एमआयडीसीत, शिक्रापूरपासून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवर. फियाट आता भारतातून गेली, पुंटोही बंद झाली. त्याच कारखान्यातून २०१७ पासून जीप कंपास बाहेर पडतेय. गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा मला उगाच वाटलं होतं, की ही माहेरच्या गावाजवळ परत आलीय.

आता मूळ मुद्दा. अबार्थची उंची कंपनीनेच कमी ठेवलेली आहे. पोट आणि रस्ता यांत १५५ मिलिमीटर अंतर. आपल्याकडच्या गाड्यांच्या मानाने हे कमीच. तरी मला चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट डोळ्यांत खुपायची. फोटोत तर फारच. मग मी खालच्या उंचीच्या स्प्रिंगा मागवल्या. गाडी साधारण २५ मिलिमीटर खाली बसेल असं खोक्यावर लिहिलेलं.

हे शहाणपणाचं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाला हे चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच कलमाबद्दल बोलताना, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, असं सांगितलं आहे. मला हे माहीत होतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमचे गतिरोधक आहेतच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे लांब पाठीच्या म्हशीसारखा. पुंटोच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर, त्यामुळे अशा गतिरोधकावरून ती आरामात चढून उतरेल. पण आपल्या गावोगावचे गतिरोधक उंचीला तेवढेच किंवा जास्त आणि रुंदीला हातभर! त्यावर पुढची चाकं उतरली की पोट टेकतं. हे सगळं माहीत असून स्प्रिंगा मागवल्या. असो.

एका रविवारी मित्राच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी काम काढलं. पुढचे शॉकॲब्सॉर्बर उतरवले, कॉम्प्रेसर लावून स्प्रिंगा बदलल्या. मागचं काम त्याहून सोपं. पुढे काम करताना दिसलं, की डाव्या लोअर आर्मचं रबरी बुश फाटलंय. (मामी, लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी बांधून ठेवणारा खालचा लोखंडी हात. तो जिथे गाडीला जोडलेला असतो तिथे बोल्टभोवती रबर असतं, ते बुश.) उजव्याचं रबरही चिरत आलं होतं, पण फाटलेलं नव्हतं. फियाटचे पार्ट आता शोधावे लागतात. नाना पेठेत दोन चकरा मारल्यावर डाव्या बाजूचा एक आर्म मिळाला. उजवा मिळाला नाही. म्हटलं, चालेल की, फाटलाय डावाच.

संध्याकाळी गाडी घरी आणली आणि अंगणात उभी केली. छान दिसत होती. चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि पुढून पाहताना मन खट्टू झालं. डावीकडची फट जास्त, उजवीकडची कमी. टेप आणला. चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं. डावीकडे ३४६, उजवीकडे ३३५. अकरा मिलिमीटर! मागे मोजलं तर डावीकडे ३४१, उजवीकडे ३४२. म्हणजे मागे ठीक, पुढेच घोळ.

आता खरा प्रश्न असा होता, की काम करण्यापूर्वी किती फरक होता? ते मी मोजलंच नव्हतं. हा माझा पहिला गाढवपणा. जुनी उंची माहीत नसेल तर नवी उंची चुकली म्हणायची ती कशावरून?

तरी मी माझ्या मते शास्त्रशुद्ध चाललो होतो. चारही टायरांत हवा सारखी केली. डिकी रिकामी केली. मग वाटलं, फरशीचा दोष असेल. म्हणून गाडी बाहेर काढली, उलटी फिरवली आणि त्याच जागी तोंड दुसरीकडे करून उभी केली. फरशी वाकडी असेल तर फरक बाजू बदलेल, गाडी वाकडी असेल तर तसाच राहील, इतका साधा हिशोब. पुन्हा मोजलं. पुढे डावीकडे अकरा मिलिमीटर जास्त. तस्सेच. झालं, फरशी निर्दोष, गाडी दोषी.

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "नव्या स्प्रिंगा आहेत, बसतील. चार-पाचशे किलोमीटर चालव, मग अलाइनमेंट कर. आत्ता केलीस तर पुन्हा करावी लागेल." स्प्रिंगा थोड्या बसतात हे खरं आहे. पण दोन्ही बाजूंच्या नव्या स्प्रिंगा जवळपास सारख्याच बसतील, एकीकडची अकरा मिलिमीटर जास्त कशी बसेल, हे मी त्याला विचारलं नाही. कारण मला तेच उत्तर हवं होतं. दीड-दोन हजार रुपये आणि एक सुट्टी वाचत होती.

पुढचे तीन आठवडे मी रोज ऑफिसमधून आल्यावर टेप घेऊन गाडीपाशी बसायचो. अण्णा ओट्यावरून बघायचे. एकदा म्हणाले, "काय माप घेतोय रं रोज? कपडे शिवायचेत का तिला?"

डिसेंबरात आईला रांजणगावच्या महागणपतीला जायचं होतं. दर्शन झालं, परत निघेपर्यंत अंधार पडला. नगर रोड ज्यांना माहीत आहे त्यांना हंगामातल्या रात्री सांगायला नकोत. उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कोंढापुरीच्या अलीकडे पुढचा टेंपो अचानक उजवीकडे वळला आणि समोर उसाचा डोंगर. मी ब्रेक दाबला, जोरात. ब्रेक उत्तम लागले, चारही डिस्क आहेत. पण गाडी सरळ थांबली नाही, डावीकडे खेचली गेली. मी स्टिअरिंग आवरेपर्यंत डावी चाकं डांबर सोडून मुरमावर गेली. धुरळा बसल्यावर दिसलं, आम्ही एका बंद रसवंतीच्या समोर उभे होतो. दिव्यांच्या उजेडात तिचं बाकडं दिसत होतं, बंपरपासून चार-पाच फुटांवर. दिवसा तिथे माणसं बसलेली असतात. त्या वेळी कुणी नव्हतं.

आई काही बोलली नाही. प्रसादाची पिशवी खाली पडली होती ती तिने उचलून मांडीवर घेतली. थोड्या वेळाने म्हणाली, "हळू चल." बस्स, एवढंच. घरी येईपर्यंत मी पन्नासच्या वर गेलो नाही.

रात्री अण्णांना सगळं सांगितलं. स्प्रिंगांचं, फटीचं, अकरा मिलिमीटरचं. अण्णांनी पस्तीस वर्षं गवंडीकाम केलंय. गाडीतलं त्यांना काही कळत नाही असं माझं मत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माप कुठं घेतलंस?"

"अंगणात. फरशी सपाट आहे, मी गाडी उलटी लावूनपण पाहिली."

"आरं, सपाट कुणी सांगितली तुला? म्या घातलीय ती. सपाट घातली तर पावसाचं पाणी कुठनं जाईल?"

सकाळी त्यांनी माळ्यावरून लेव्हल पाइप काढला. गवंड्यांची ही पातळी म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, बाकी काही नाही. दोन टोकं दोन जागी धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं, तिथून खाली जमिनीपर्यंत मोजायचं. अण्णांनी आधी नळी उजेडात धरून बुडबुडा राहिला नाही ना ते दोनदा पाहिलं. "बुडबुडा असला की पाणीबी खोटं बोलतं." मी टायरांच्या चार जागी खडूने खुणा केल्या, गाडी बाहेर काढली आणि आम्ही मापं घेतली. पुढे उजवीकडे ८१२, पुढे डावीकडे ८३६, मागे उजवीकडे ८००, मागे डावीकडे ८१२.

मला वाटलं होतं, फरशी एका बाजूला कललेली निघेल. तशी ती होतीच. पण नुसत्या ढाळाने गाडी फसत नाही, सगळी गाडीच तेवढी कलते आणि फटी जवळपास सारख्या राहतात. इथे वेगळंच होतं. अण्णांनी सगळं पाणी कोपऱ्यातल्या चेंबरकडे नेलं होतं आणि त्या कोपऱ्याशी ढाळ वाढवला होता. बाकी तीन जागांच्या हिशोबाने पुढच्या डाव्या चाकाखाली ८२४ यायला हवे होते, आले ८३६. म्हणजे तिथे १२ मिलिमीटरचा खड्डा. फरशीला पीळ होता.

आणि गाडी उलटी लावून कळलं का नाही? हे मला अण्णांनी चहाच्या टेबलावरून समजावलं. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं, कारण चौथ्या पायाला टेकायला जागा सापडत नाही. आता एक पाय खड्ड्यात असलेलं टेबल अर्धा फेरा फिरवा. खड्ड्यावर येतो तिरका, समोरचा पाय. पण डुगडुगणारी जोडी तीच राहते. माझ्या गाडीचं तेच झालं. पुढचं डावं चाक खड्ड्यात असो की मागचं उजवं, पीळ त्याच दिशेचा. मी ज्या परीक्षेवर विसंबून फरशीला निर्दोष सोडलं होतं, त्या परीक्षेत हा दोष दिसणं शक्यच नव्हतं.

अण्णांनी फरशीचा एक तुकडा आणि प्लायची एक पट्टी मिळून बरोबर १२ मिलिमीटर केलं, खड्ड्यात ठेवलं, मी त्यावर चाक आणलं. गाडी थोडी पुढे-मागे ढकलून मोकळी केली आणि मोजलं. पुढे ३४३ आणि ३३८. मागे ३४४ आणि ३३९. दोन्हीकडे पाच.

हे आकडे बघून मला बरंच काही कळलं. गाडीचं अंग ताठ असतं. जमिनीला पीळ नसेल आणि टायर सारखे असतील, तर पुढचा डावा-उजवा फरक आणि मागचा फरक जवळपास सारखा यायला हवा. पुढे अकरा आणि मागे जवळपास शून्य, हे आकडेच सांगत होते की जमिनीत गोम आहे. मी ते तीन आठवडे रोज वहीत लिहीत होतो, वाचत मात्र नव्हतो.

पण पाच मिलिमीटर उरलेच होते, आणि गाडी खेचत होती ते फरशीमुळे नक्कीच नाही. त्याच दिवशी गाडी एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी फटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न: "एकाच बाजूला काय बदललं?"

मी म्हटलं, डावा लोअर आर्म.

"बोल्ट कसे आवळले? चाकं लोंबकळत असताना?"

अर्थात. गाडी स्टँडवर होती, चाकं हवेत, मी पूर्ण जोर लावून आवळले होते. मिस्त्रींनी सांगितलं ते असं. बुशचं रबर बाहेरच्या आणि आतल्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी जागी घट्ट होते, त्यानंतर आर्म हलतो तो रबर पिळूनच. चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबराला तीच आपली नेहमीची जागा वाटते. मग गाडी खाली टेकवली की रबर कायम पिळलेलं राहतं, आर्मला खाली दाबत राहतं आणि तो कोपरा उचलून धरतं. असं बुश फाटतंही लवकर. बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, हलवून बसू द्यायची आणि मगच शेवटचं आवळायचं.

त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, चाकं जमिनीवरच, खालून डावे बोल्ट सैल केले. ‘टक’ असा आवाज आला. बंपर दोन-चारदा दाबला आणि टॉर्क पान्याने पुन्हा आवळले. घरी येऊन तुकड्यावर चाक ठेवून मोजलं. पुढे ३४१, ३४०. मागे ३४२, ३४१. एकाच मिलिमीटरचा फरक.

मला केवढा आनंद व्हायला हवा होता. पण मिस्त्रींचं पुढचं बोलणं डोक्यात होतं. ब्रेक मारल्यावर खेचण्याचं कारण ही उंची नव्हतीच. एकीकडे नवं, ताठ बुश, दुसरीकडे चिरलेलं, थकलेलं. जोरात ब्रेक लागला की डावं चाक जागेवर राहायचं, उजवं रबरात मागे सरकायचं. त्यात उंची बदलल्यावर चाकांची तोंडं बदललेली, आणि अलाइनमेंट मी ‘स्प्रिंगा बसेपर्यंत’ लांबवलेली. "अशा वस्तू जोडीनं बदलतात साहेब. एक नसेल मिळत तर दुसरी मिळेपर्यंत थांबायचं, गाडी उभी ठेवायची."

उजवा आर्म शोधायला अकरा दिवस लागले. तोवर गाडी उभी होती, मी एसटीने जात होतो. मग आर्म बदलला, बोल्ट चाकांवर उभं करून आवळले, त्याच दिवशी अलाइनमेंट केली. नंतर रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही असं बघून, ब्रेक मारून पाहिला. सरळ थांबली.

मी गेले काही आठवडे याच गोष्टीचा विचार करतोय. अकरा मिलिमीटर मला रोज छळत होते, त्यातले सहा फरशीचे होते आणि बाकीच्यांनी कुणाचा जीव गेला नसता. ज्याने गेला असता ते चिरलेलं रबर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ‘चालेल की’ म्हटलं होतं. फट दिसत होती म्हणून मोजली. बुश नजरेआड होतं म्हणून सोडलं. आणि आई बाजूच्या सीटवर होती.

संक्रांतीनंतर कंपनीच्या मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. या वेळी आधी मोजलं, नंतर मोजलं, दोन्ही वेळा खड्ड्यात तुकडा ठेवून. कंपनीच्या स्प्रिंगांवर माझी गाडी पुढे २ मिलिमीटर डावीकडे उंच आहे. बहुधा पहिल्यापासूनच असावी. खालच्या उंचीच्या स्प्रिंगा माळ्यावर ठेवल्यात. कुणी फुकट मागितल्या तरी द्यायच्या नाहीत असं ठरवलंय.

फरशीचा तो तुकडा आणि प्लायची पट्टी मात्र अण्णांनी टाकू दिली नाही. त्यावर खडूने ‘डावं पुढचं’ असं लिहून लेव्हल पाइपाशेजारी ठेवलंय. परवा शेजारचा मुलगा त्याची गाडी एका बाजूला बसलीय म्हणून विचारायला आला होता. मी बोलायच्या आत अण्णांनीच त्याला विचारलं, "माप कुठं घेतलंस?"

असो. बाकी पुन्हा कधीतरी.